टोळीची हळद

"याला तोंडानं काय पाजलंत?" डॉ. हुपरीकरांनी एवढंच विचारलं, आणि पुढच्या क्षणी त्यांचा चष्मा भिंतीवर जाऊन आपटला.

मारणारा मारुती कोळेकर. सांगलीच्या हळदीच्या बाजारात हमालांची एक टोळी होती, तिचा तो मुकादम. खाटेवर डोळे पांढरे करून धापा टाकत होता तो त्याचा धाकटा भाऊ धोंडीराम. हुपरीकरांनी त्याचं छातीचं ऑपरेशन केलेलं. मी त्याच हॉस्पिटलात डॉक्टर, घशातून आत घालायच्या दुर्बिणीचं काम बघायची. त्या वेळी मी खाटेच्या पलीकडे उभी होते. धोंडीरामच्या छातीत घातलेली नळी ज्या बाटलीत उतरत होती, ती बाटली माझ्या हातात होती. सकाळी तिच्यात गुलाबी पाणी होतं. आता ती पिवळीधमक झाली होती.

"आमी काय पाजलं? आमी?" मारुती ओरडला. "कापलं तुमी, आन् इचारताय आमाला?"

दुसरा ठोसा पोटात बसला. हुपरीकर साठीला टेकलेला किडकिडीत माणूस, ते जागच्या जागी दुमडले. "अहो, काय करताय! सोडा त्यांना!" मी घसा फोडून ओरडले, पण ऐकतो कोण? दारातून टोळीतली माणसं आत घुसली होती. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन ट्रकची फळी चढणारी माणसं ती. एकानं खुर्ची उचलून कपाटावर घातली, औषधांच्या बाटल्यांचा चुरा झाला. दुसऱ्यानं वॉर्डबॉयला गचांडी धरून बाहेर फेकलं. मारुतीनं सलाईनचा लोखंडी स्टँड उपटला. हुपरीकरांनी डोकं वाचवायला उजवा हात वर केला, आणि स्टँड त्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज डॉक्टरला चुकत नाही. मला तो गलक्यातही नीट ऐकू आला.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भीती वाटली नाही, संताप आला. मी बाटली मारुतीच्या तोंडासमोर धरली.

"मारा. अजून मारा. पण हे बघून मारा. तुमच्या भावाची अन्ननलिका आत फाटलीये. अन्ननलिका म्हणजे घास उतरतो ती नळी. तिच्यातलं सगळं छातीत सांडतंय. तुम्ही इथं पैलवानकी करत बसलात तर तो दिवस मावळायच्या आत जाईल. मला त्याला आत न्यायचंय. वाट सोडा."

मारुतीचा हात हवेतच थांबला. तेवढ्या वेळात मी आणि शोभना सिस्टरनी खाटेचे ब्रेक सोडले. पुढून खाट ओढायला कुणी नव्हतं, तर कोपऱ्यात उभी असलेली धोंडीरामची बायको पुढं झाली. मालन तिचं नाव. थोरल्या दिरासमोर ती कधी तोंड वर करायची नाही. इतके दिवस ती हॉस्पिटलात राहिली, पण मी तिचा चेहरा जेमतेम पाहिला होता. तिनं पदर खोचला, खाटेचा दांडा धरला आणि गर्दीतून अशी ओढत नेली की समोरचे दोघं भिंतीला चिकटले.

दुर्बिणीच्या खोलीच्या दारात ती थांबली.

"मॅडम, म्या हितंच बसते," ती म्हणाली. "दार लावून घ्या."

धोंडीरामचं दुखणं तसं जिवावरचं नव्हतं, हीच तर चिडवणारी गोष्ट. त्याला घास अडकायचा. आधी भाकरी अडकायला लागली, मग भात, शेवटी शेवटी चहाही छातीत दुखत दुखत उतरायचा. तपासलं तर अन्ननलिकेच्या भिंतीत पाण्यानं भरलेली एक गाठ निघाली. कॅन्सर नव्हे, काही नव्हे. जन्मापासून असलेली एक पिशवी, जी वाढत वाढत वाट अडवून बसली होती. हुपरीकरांनी ती अलगद सोडवून काढली आणि नलिकेला टाके घातले. टाके धरेपर्यंत तोंडानं पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, हे आम्ही नातेवाइकांना इतक्यांदा बजावलं होतं की सिस्टरला ते झोपेतही पाठ झालं होतं. आणि आता या बाटलीला दुधाचा वास येत होता. दुधाचा आणि हळदीचा.

हुपरीकर आमच्या मागोमाग आत आले होते. दार लावल्यावर ते भिंतीला टेकून खाली बसले. मोडका हात त्यांनी छातीशी धरला होता, ओठातून रक्त येत होतं.

"छाती उघडून परत शिवायला हवं," ते म्हणाले.

"कुठल्या हातानं शिवणार, सर?"

दुसरा सर्जन मिरजेहून बोलवायचा तर तो या दंगलीत आत येणार कसा? राहता राहिली मी आणि माझी दुर्बीण. फाटलेल्या जागेवर आतून तारेच्या जाळीची नळी बसवायची. तिच्यावर पातळ आवरण असतं, ती उघडली की भिंतीला घट्ट चिकटते आणि भोक झाकून टाकते. मग खालचा भाग सावकाश भरून येतो. सांगायला सोपं आहे. कॅन्सरच्या रोग्यांत मी अशा जाळ्या पुष्कळ बसवल्या होत्या. पण ऑपरेशननंतर फाटलेल्या जागेवर तोवर दोनदाच, आणि त्यातला एक माणूस गेला होता. ही गोष्ट मी त्या खोलीत कुणाला सांगितली नाही.

भूल द्यायला डॉ. सौंदत्ते होते. शांत माणूस. बाहेर स्वागतकक्षाची काच खळ्ळकन फुटली तेव्हा त्यांनी फक्त एकदा दाराकडं पाहिलं आणि म्हणाले, "प्रेशर पडतंय याचं. जे काय करायचं ते लवकर."

मी दुर्बीण घातली.

पडद्यावर गुलाबी भिंत दिसायला लागली. खाली उतरत गेले. मध्यावर आल्यावर एक काळा धागा लोंबताना दिसला. सुटलेला टाका. त्याच्या शेजारी बोटभर चीर होती, आणि चिरेच्या पलीकडं जे कधीच दिसायला नको ते दिसत होतं, छातीतली पोकळी. चिरेच्या कडा पिवळ्या होत्या. पुवाचा पिवळटपणा वेगळा असतो, हा पिवळा रंग स्वयंपाकघरातला होता.

"टाका सुटलाय माझा," खाली बसल्या बसल्या पडद्याकडं बघत हुपरीकर म्हणाले. "दुधानं भोक पडत नाही. पण त्या दुधानं आत घाण केलीये सगळी."

जिच्यावरून जाळी सरकवायची ती तार मी आत सोडायला घेतली आणि त्याच वेळी दार धडाधड वाजायला लागलं. मालनचा आवाज आला, "थोरलं, नगा! थोरलं, पाया पडते!" मग कुणीतरी पडल्याचा आवाज झाला. कडी तुटली आणि मारुती आत आला. त्याच्या हातात पोती ओढायचा लोखंडी आकडा होता. तो माझ्याकडं बघतही नव्हता. त्याची नजर भिंतीशी बसलेल्या हुपरीकरांवर होती.

शोभना सिस्टर किंचाळली. मला हलता येत नव्हतं. माझ्या हातातली दुर्बीण धोंडीरामच्या छातीपर्यंत गेलेली होती, आणि तिच्या टोकापासून त्याचं काळीज दोन बोटांवर धडधडत होतं.

"मारुतराव," मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हटलं, "मला धक्का लागला तर भाऊ गेला. आधी इकडं बघा. त्या पडद्यावर."

त्यानं बघितलं.

"हे तुमच्या भावाच्या आतलं आहे. ही फाटलेली जागा. हा सुटलेला टाका. आता हे पिवळं काय आहे ते तुम्हीच सांगा."

उभा जन्म हळदीत गेलेला माणूस तो. त्याच्या नखांत, हाताच्या रेषांत, सदऱ्याच्या काखेत हळद मुरलेली होती. त्याला पिवळं काय आहे ते मी सांगायची गरज नव्हती. तो बघत राहिला. आकडा धरलेला हात हळूहळू खाली आला. तोंड उघडं पडलं होतं.

"कुणी पाजलं?" मी विचारलं.

त्यानं मोकळा हात सदऱ्याला पुसला.

"टाका माझा सुटला, मारुतराव," हुपरीकर म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. माझ्यावर काय राग काढायचा तो नंतर काढा."

मारुतीनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. मला म्हणाला, "जगंल का?"

"अर्धा तास या दारातून कुणी आत आलं नाही तर प्रयत्न करते."

तो बाहेर गेला. कडी तुटलेली होती, म्हणून दार नुसतंच पुढं लोटलं गेलं. आता बाहेरचं सगळं लख्ख ऐकू येत होतं.

"मुकादम, काय झालं? काय बगितलंस?"

"डाक्टरनंच मारला न्हवं धोंड्याला?"

"चला रं, आत चला! फोडा ते दार!"

मारुतीचा आवाज आला नाही. मी तार चिरेच्या खालपर्यंत नेली होती आणि जाळी तारेवरून खाली सरकवत होते. सौंदत्ते प्रेशरचे आकडे पुटपुटत होते, ते चांगले नव्हते. बाहेर पुन्हा लोंढा दाराकडं आल्याचं पावलांवरून कळत होतं. एकानं दारावर लाथ घातली. दार भिंतीवर आपटून परत आलं. फटीतून माणसांची गर्दी दिसली, आणि त्यांच्या पुढ्यात उंबऱ्यावर आडवी उभी असलेली मालन.

मग तिचा आवाज आला. तेवढ्या मोठ्यानं ती कधी बोलली असेल असं मला वाटत नाही.

"हळदीचं दूध म्या पाजलं! ऐकलासा? म्या पाजलं. डाक्टरांचा काय दोष न्हाई. आमच्या घरची चूक हाय."

बाहेर एकदम शांत झालं.

आणि मग मारुतीनं तिला मारायला सुरुवात केली.

पहिली थप्पड कुणाची हे मला त्याच्या शिवीवरून कळलं. थोरला दीर भावजयीच्या अंगाला बोट लावत नाही. तिच्या सावलीपासूनही दूर चालतो. आणि हा तिला टोळीसमोर मारत होता. नुसत्या हातानं मारून थांबला नाही. कमरेचा पट्टा काढल्याचा आवाज आला. पट्टा हवेतून येतो तेव्हा आधी शीळ वाजते, मग फटका. तिचं अंग दारावर आपटलं, दार हललं, आणि फटीतून तिचा हात आत आला. उंबऱ्यावर पंजा टेकवून ती उठायला बघत होती. उठली. परत पडली. ती ओरडत नव्हती. मी वाट बघत होते की ती ओरडेल, कुणीतरी मध्ये पडेल. पण एवढ्या माणसांतून एकही आवाज निघाला नाही.

"मॅडम," शोभना सिस्टर रडत म्हणाली, "मारून टाकतील वो तिला."

"कळतंय मला."

"म्या जाऊ?"

"तू जाळीची दोरी धर. तू गेलीस तर ही जाळी सोडायची कुणी?"

जाळी एकदा उघडायला लागली की मागं फिरता येत नाही. शोभना दोरी ओढत होती आणि जाळी इंचाइंचानं मोकळी होत होती. मला ती नेमकी चिरेवर धरून ठेवायची होती. माझा हात बोटभर वर-खाली झाला असता तर भोक उघडं राहिलं असतं आणि माणूस त्याच टेबलावर गेला असता. मला धावत जाऊन त्या माणसाच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटत होतं. इतका राग मला आयुष्यात दुसऱ्यांदा आला नाही. रडूही येत होतं, पण पडद्यावरून नजर काढायची सोय नव्हती. म्हणून मी दात आवळून एकच म्हणत राहिले, "ओढ. हळू. अजून ओढ. थांब. ओढ."

जाळी उघडली. चीर झाकली गेली. मी दुर्बीण वर घेऊन वाट पाहत राहिले. छातीच्या नळीच्या बाटलीत मघापासून बुडबुडे उठत होते, ते कमी झाले, मग विरळ झाले, मग थांबले.

"बसली," हुपरीकर म्हणाले, आणि त्यांनी डोकं भिंतीला टेकवलं.

मी दार उघडलं. पोलीस नुकतेच जिन्यावर दिसत होते. टोळीतली माणसं भिंतीकडेला खाली माना घालून उभी होती. मारुती खिडकीकडं तोंड करून उभा होता, पट्टा पायाशी पडला होता. मालन उंबऱ्यावर आडवी पडली होती. एक डोळा मिटला होता, कानातून रक्त येत होतं, समोरचा दात तुटला होता.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. बसली जाळी."

"मग बरं," ती म्हणाली आणि बेशुद्ध पडली.

पोलिसांना तिनं जबाब दिला, जिन्यावरून पडले. मी कितीही डोकं फोडलं तरी तिनं तो बदलला नाही. हुपरीकरांनी मात्र आपल्या मारहाणीची तक्रार केली. मारुती आत गेला, जामिनावर सुटला, खटला रेंगाळत राहिला. हुपरीकरांच्या मनगटात पहिल्यासारखा जोर परत आला नाही, त्यांनी सुरी खाली ठेवली ती कायमचीच. हळदीच्या बाजारात मालनच्या माराबद्दल कुणी काही बोललं असेल तर मला माहीत नाही. धोंडीराम नाकातल्या नळीतून जेवण घेत पडून राहिला, त्याची छाती हळूहळू स्वच्छ झाली. मालन शेजारी बसून असायची. एकदा मी तिला चांगलंच झापलं. "एवढं सांगून तू दूध पाजलंसच कसं गं? अक्कल गहाण ठेवली होतीस?" ती खाली बघून म्हणाली, "चुकलं मॅडम." धोंडीराम माझ्याकडं बघत होता, पण बोलायची त्याला मनाई होती.

जाळी काढायला त्याला वॉर्डातून माझ्याकडं आणलं तोवर दीड-दोन महिने गेले होते. वाळून काटकी झाला होता. मी जाळी सोडवून बाहेर काढली आणि आत नीट बघितलं. चिरेच्या जागी फिकट वण तेवढा उरला होता. शुद्धीवर आल्यावर त्याला घोटभर पाणी दिलं. त्यानं ते तोंडात बराच वेळ धरलं, गिळलं, आणि छातीवर हात ठेवून थांबला. काही दुखलं नाही. मालन पदरानं तोंड झाकून हसली.

"मॅडम," तो म्हणाला, "आता बोलायला चालतंय न्हवं?"

"बोल की."

"ते दूध दादानं पाजलं."

मला आधी कळलंच नाही. "कुठलं दूध?"

"तेच. दादा बसला हुता माज्यापाशी. म्या हातानं नगं नगं म्हणालो. तर म्हणाला, टोळीची हळद हाय, हिला न्हाई म्हणू नगस. मान धरली आन् वतलं."

मग त्यानं सांगितलं. हंगामातलं पहिलं पोतं फुटतं, त्यातली मूठभर हळद प्रत्येक टोळी बाजूला काढून दळून ठेवते. कुणाच्या अंगावर पोत्यांची थप्पी कोसळली, कुणाला आकडा लागला, तर ती लावायची, दुधातून द्यायची. पण ती द्यायची मुकादमानं, स्वतःच्या हातानं. दुसऱ्या कुणी त्या डब्याला शिवायचं नाही. बाईमाणसानं तर नाहीच नाही.

"म्हणजे त्या दिवशी बाहेर उभे होते त्यांना..."

"सगळ्यास्नी ठावं हुतं," धोंडीराम म्हणाला. "ती खोटं बोलतीया हे टोळीत कुणाला कळलं न्हाई असं न्हवतं."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. एवढी माणसं भिंतीला टेकून उभी होती, आणि त्यांच्यातल्या एकूणएकाला खरं काय ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला. आणि मारणाऱ्याला तर सगळ्यांत आधी ठाऊक होतं.

"मग तू का बोललीस असं?" मी मालनला विचारलं. माझा आवाज चढला होता. "का मार खाल्लास त्याचा?"

तिनं नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"मॅडम, थोरलं भाईर आलं आन् गप उभं ऱ्हायलं. त्यांनी पाजलं असं म्या उघड म्हटलं असतं, तर निम्मी टोळी त्यांच्या अंगावर गेली असती, निम्मी त्यांच्या बाजूनं. दारापाशीच हाणामारी झाली असती. डाक्टरांनी मारलं म्हटलं असतं, तर समदी आत घुसली असती. आत तुमच्या हातात हे हुते." तिनं नवऱ्याकडं मान वळवली. "घरच्या बाईची चूक म्हटल्यावर परक्याच्या दाराला कोण कशाला हात लावतंय? मार काय, अंगावर बसतो आन् जातो."

तिच्या डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, ते मीच तपासून लिहून दिलं होतं. बसतो आणि जातो म्हणे!

धोंडीराम उठून बसला. "मॅडम, जोर केलेला चालतोय का आता?"

"पोतं उचलायचं नाही अजून. सांगून ठेवते."

"पोतं न्हवं. कुणाला नुसतं धरून ठेवायचं झालं तर?"

"कुणाला धरायचंय?"

तो उत्तर न देता उतरला. मी त्यांच्या मागं खाली गेले.

हॉस्पिटलच्या आवारात टेम्पो उभा होता. टोळी त्याला न्यायला आली होती, अख्खी टोळी. एकाच्या हातात हार होता. मारुती पुढं उभा होता. जामिनावर सुटल्यापासून तो वॉर्डाच्या पायरीवर चढला नव्हता. भावाला चालत येताना बघून त्याचे डोळे भरले.

धोंडीराम त्याच्यासमोर जाऊन वाकला आणि पाया पडला. मारुतीनं त्याला उठवायला हात पुढं केले. धोंडीरामनं ते दोन्ही हात मनगटाला धरले आणि सोडले नाहीत.

"मालन," तो म्हणाला. "ये."

कुणाला काही कळायच्या आत ती पुढं आली. डोक्यावर पदर होता, पण मान वर होती. तिनं हात उचलला आणि थोरल्या दिराच्या तोंडात अशी लगावली की हार धरलेला माणूस दचकून मागं सरला. टोळीतले दोघं धावले, तर मारुतीच ओरडला, "थांबा रं!" त्यानं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. खरं तर त्या काटकीला त्यानं एका हिसड्यात उडवलं असतं.

मालननं दुसरी दिली. मग ती वळली आणि त्या दिवशी भिंतीला टेकून उभे होते त्या सगळ्यांकडं, एकेकाच्या तोंडाकडं बघत, तेव्हा बोलली होती तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली, "दूध म्या पाजलं न्हवतं."

कुणी मान वर केली नाही. तिनं पदर सारखा केला, नवऱ्याच्या हाताला धरलं आणि टेम्पोत पुढच्या सीटवर चढून बसली.